दिवसभर सगळ्यांशी बोलते, घरी आल्यावर मात्र एक शब्द नकोसा होतो

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, माहेर निपाणी, सासर बेळगावात खासबागला. एका खाजगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला आहे, नऊ ते साडेपाच. खानापूर, चंदगड, गोकाक, गोवा, कुठून कुठून पेशंट येतात, एकाशी कन्नड, दुसऱ्याशी मराठी, तिसऱ्याशी हिंदी, डॉक्टरांशी इंग्लिश, आणि सगळे टेन्शनमधेच असतात त्यामुळे आपण हसून समजावून सांगावं लागतं. मी लहानपणापासून कमी बोलणारी. घरी आले की सासूबाई दारातच असतात, त्या दिवसभर एकट्याच, सासरे नाहीत, त्यांना बोलायचं असतं आणि मला एक शब्द नको असतो. परवा त्या म्हणाल्या, बाहेर हसून हसून बोलतीस आणि घरात आलं की तोंडाला कुलूप. फार लागलं. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे, रात्री साडेआठ-नऊला अभ्यास घेताना मी तिच्यावर ओरडते आणि मग रडते. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, साडेसहाला येतात, चांगले आहेत पण त्यांना कळत नाही. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, रोज घरी यायच्या आधी मी गाडी रस्त्याकडेला लावून वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल बघत बसते आणि घरी सांगते काउंटरला गर्दी होती. इन्स्टावर इंट्रोव्हर्ट लोकांची इव्हिनिंग रुटीन बघते, मेणबत्ती, बाथटब, पुस्तक, कॉफी. आमच्या तीन खोल्यांत ते कसं होणार? घराच्या मागं यंत्रमाग चालतात, त्या खटखटीचं मला काही वाटत नाही पण टीव्हीच्या सिरियलनं डोकं उठतं, हे पण विचित्रच ना? मी वाईट आहे का हो?

उत्तर:

अगं वाईट कशाची, दमलीयस तू. आणि दमण्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे, आठ-साडेआठ तास अनोळखी आणि घाबरलेल्या माणसांशी चार भाषांत गोड बोलायचं हे काही साधं काम नव्हे. पगाराच्या स्लिपवर ते दिसत नाही इतकंच. आपल्या बेळगावात चार भाषा बोलणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्याला मेहनत लागते हे आपण मोजतच नाही, पण एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूला दरवेळी आधीची भाषा मागं सारावी लागते आणि त्याला थोडा वेळ, थोडा जोर लागतो. एखाद्या वेळी काही नाही, दिवसातून शंभर वेळा झालं की कळतं.

आधी तुझं ते विचित्र वाटणारं घेते कारण ते मुळीच विचित्र नाही. माग चालतो तेव्हा आवाज मोठा असतो पण तो एकसारखा, त्यात अर्थ नसतो, त्यामुळं डोकं त्याला थोड्या वेळानं सोडून देतं. सिरियलमधे माणसं बोलतात, रडतात, भांडतात, आणि भाषा आपल्याला कळते, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी मेंदू शब्द पकडतच राहतो. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय, नको असलेलं बोलणं कानावर पडत असलं की लक्ष आणि आठवण दोन्ही बिघडतात, आवाज बारीक असला तरी. म्हणजे तुला आवाजाचा त्रास नाही, बोलण्याचा आहे. हे ध्यानात ठेव, कारण संध्याकाळचं सगळं यावरच बसवायचंय. खोलीचं दार लावून मागच्या खिडकीशी, मागाच्या बाजूला बसलीस तर तुला कदाचित जास्त बरं वाटेल. पंखा फुल्ल लावलास तरी पलीकडचे शब्द बुजतात.

आता इंट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ मधे अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली तेव्हापासून हे शब्द फिरतायत, आणि १९६७ मधे हान्स आयसेंक हा दुसरा मानसशास्त्रज्ञ म्हणाला की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जरा जास्त जागता असतो, त्यामुळं बाहेरची गडबड त्याला लवकर पुरेशी होते. पुढच्या संशोधनात चित्र इतकं सरळ राहिलं नाही, पण ढोबळ मानानं तू स्वतःला ओळखशील त्यात. लाजाळूपणा वेगळा बरं का, लाजाळू माणसाला लोकांची भीती वाटते, तुला भीती नाही, तू काउंटर उत्तम सांभाळतेस. तुझं पोट लवकर भरतं, एवढंच.

पण एक गोष्ट मला तुला मुद्दाम सांगायचीय कारण इन्स्टावर ती कुणी सांगत नाही. २०१७ मधे फिनलंडमधे एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की मोकळेपणानं, उत्साहानं चार लोकांत वागलं की त्या वेळी मूड चांगला होतो आणि साधारण तीन तासांनी थकवा येतो. आणि हे अंतर्मुख लोकांचंच नाही, बोलक्या माणसांचंही तसंच. आता तुझा टाईम बघ, काउंटर साडेपाचला सुटतं, त्यात तीन तास मिळवले की साडेआठ. बरोबर त्याच वेळी तू मुलीचा अभ्यास घेतेस आणि ओरडतेस! तुझ्यातल्या आईला दोष देत बसण्यापेक्षा अभ्यासाची वेळ हलवली तर? साडेसहाला तिचे बाबा येतात, हातपाय धुऊन चहा घेऊन सात ते साडेसात त्यांनी बसावं तिच्यासोबत. पहिलीचा अभ्यास तो केवढा, एक पान गिरवायचं, दहा शब्द वाचायचे. हा त्यांनी तुझ्यावर केलेला उपकार नाही हो, मुलगी दोघांची आहे. आणि ते पण दिवसभर मशीनच्या आवाजात उभे असतात हे मला माहीत आहे, रात्री उशिरा तेही दमलेलेच असणार, म्हणून तर सातला, नऊला नाही.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे ती रस्त्याकडेची गाडी. थांबतेस ते उत्तम करतेस, थांबणं अजिबात सोडू नकोस. पण तू ते चोरून करतेस, खोटं सांगून करतेस, आणि चोरून घेतलेल्या वेळात माणसाला आराम मिळत नाही, अर्धं लक्ष घड्याळाकडं, कुणी ओळखीचं बघेल का याकडं. घरी येताना त्या खोट्याचं ओझं आणखी वेगळं. मग सासूबाई काही बोलल्या की ते दुप्पट लागतं कारण आपण पकडले गेलो असं आत कुठंतरी वाटतं. तुझ्या सगळ्या संध्याकाळीतली एकच गोष्ट बदलायची असेल तर मी हीच बदलीन: तुझा एकटीचा वेळ घरात सगळ्यांना माहीत असू दे, कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते दोन्ही. संपतो ते जास्त महत्त्वाचं. घरच्या माणसांना आपल्या गप्प बसण्याचा त्रास होत नाही गं, ते कधी संपणार हे माहीत नसण्याचा होतो. ही रागावलीय का, माझं काही चुकलं का, आता रात्रभर अशीच का, हे विचार त्यांच्या डोक्यात चालतात. साडेसातला ती बाहेर येणार हे माहीत असलं की सात वाजता दार लावलेलं कुणाला खुपत नाही.

नवऱ्याला आधी सांग. आज नाही तर उद्या, पण गाडी थांबवतेस ते सांग, जसं मला लिहिलंस तसंच. तो चांगला आहे असं तूच लिहिलंयस.

आता त्या पंधरा-वीस मिनिटांत काय करायचं. मोबाईल नको, डिकीत टाक. हे उपदेश म्हणून सांगत नाही, कारण सांगते. रील्समधे पण माणसं बोलतच असतात की, तू काउंटरवरून उठून दुसऱ्या काउंटरवर बसल्यासारखं होतं ते, फक्त इथं उत्तर द्यावं लागत नाही. २०१८ मधे अमेरिकेत काही प्रयोग झाले, त्यात लोकांना पंधरा मिनिटं एकटं बसवलं, तर त्यांच्या तीव्र भावना खाली आल्या, चिडचिड-घालमेल पण आणि उत्साह-आनंदाची उसळी पण, दोन्ही. आणि एकटं बसणं आपल्या मनानं निवडलेलं असेल तर ते जास्त सुखाचं गेलं. पंधरा मिनिटं, एवढं कमी. तासभर लागत नाही.

कुठं बसायचं हा प्रश्न आपल्याकडं खराच आहे, बाईमाणूस एकटी बसली की दोघंतिघं विचारतात काय झालं म्हणून. किल्ला तलावावर संध्याकाळी गर्दी, तिथं जाऊ नकोस. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला जुनी झाडं आहेत, चालणारी माणसं असतात त्यामुळं एकटं वाटत नाही आणि कुणी बोलायलाही येत नाही, तिथं दोन फेऱ्या मारल्यास तर उत्तम. चालताना मोजायचं काही नाही, स्टेप्स नको, कानात काही नको. पण हे उजेड असेपर्यंतच. आपल्याकडं जूनमधे सातपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात सहालाच दिवस मावळतो, आणि जून म्हणलं तर पाऊस आलाच, बेळगावचा पाऊस म्हणजे चार महिने झोडपणारा. मग थंडीत आणि पावसात हॉस्पिटलच्याच पार्किंगच्या शेडखाली गाडीवर दहा मिनिटं बस, सुटलेल्या लोकांना जाऊ दे, मग नीघ. किंवा आठवड्यातून एकदा सार्वजनिक वाचनालयात जा. १८४८ पासूनची संस्था आहे ती, आणि बेळगावात गप्प बसल्याबद्दल कुणी काही विचारणार नाही अशा जागा मोजक्याच, त्यातली वाचनालय ही एक. मेंबर हो, पुस्तक बदलायला जाते हे घरी सांगायलाही सरळ कारण. वाचायचा कंटाळा आला तर नुसता पेपर चाळ.

काउंटरवरून उठायच्या आधीची पाच मिनिटं पण यातच धर. कुठल्या पेशंटचं विम्याच्या कॅशलेसचं अप्रूव्हल अडकलंय, कुणाचा डिस्चार्ज उद्या सकाळी आहे, कुणाच्या नातेवाइकाला फोन करायचाय, हे कागदावर लिही, आणि प्रत्येकापुढं उद्या पहिल्यांदा काय करायचं ते एका ओळीत. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात हे आपण सगळे अनुभवतो, पण २०११ मधल्या एका संशोधनात असं दिसलं की काम पूर्ण करायचीही गरज नसते, ते कधी नि कसं करणार एवढं ठरवून लिहिलं तरी घोळणं कमी होतं. तुझ्या कामाला हे फारच लागू आहे. कागद ड्रॉवरमधे ठेवून ये, घरी आणू नकोस, आणि ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप साडेपाचनंतर म्यूट. तुझी ड्युटी संपल्यावर दुसरं कुणीतरी काउंटरवर बसतंच ना, त्यांचं त्यांना करू दे.

मग घर. इथं मला सासूबाईंची बाजू घ्यायचीय थोडी. त्या सकाळी नऊपासून एकट्या आहेत. तुझ्याकडं शब्द जास्त झालेत आणि त्यांच्याकडं दिवसभर एकही नाही, दोघींची गरज खरी आहे आणि नेमकी उलटी आहे, दोघींपैकी कुणीच चुकत नाही. त्यांना जर तू दिवसाचं उरलंसुरलं दिलंस, रात्री दहाला डोळे मिटत असताना हूं हूं करत, तर त्यांना ते कळतं. म्हणून मी म्हणते पहिली वीस मिनिटं त्यांना दे. आधीच पंधरा मिनिटं गप्प बसून आल्यामुळं ती तुला जमतील. आल्या आल्या आधी हातपाय धू, कपडे बदल, गूळ-पाणी घे. जुन्या घरांतनं बाहेरून आलेल्याला आधी पाणी द्यायचे आणि मग विचारपूस, ती रीत चांगली होती, सासूबाईंना सांग की आधी हातपाय धुऊन येते मग बसू, त्यांना हे पटेल कारण त्या त्यातच वाढल्यात. मग दोघी चहा घ्या. यावेळी तू काही सांगायचं नाहीस, फक्त ऐकायचं. ऐकणं तुला येतं, कमी बोलणाऱ्या माणसाला ते सहसा चांगलं येतं. एखादा प्रश्न विचार, मग भाजीवाल्याचं काय झालं, त्या समोरच्या काकूंचा गुडघा बरा आहे का, आणि त्यांना बोलू दे. हात मोकळे नकोत, पावट्याच्या शेंगा घे सोलायला, मेथी घे निवडायला. समोरासमोर बसून तोंडाकडं बघत बोलण्यापेक्षा हाताला काम असलं की तुझ्यासारखीला हायसं वाटतं आणि स्वयंपाकाची तयारी पण होते. चहा मात्र अर्धा कप घे. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, दिवसभर काउंटरवर चार कप झालेले असतात आणि वर हा सहाचा, मग अकराला झोप येत नाही म्हणून परत मोबाईल.

दिवेलागण झाली, देवापुढं दिवा लागला, शुभंकरोति मुलीनं म्हटली, की सातला सासूबाईंची सिरियल. हीच तुझी वेळ. आजवर हीच वेळ तुला सगळ्यात जास्त छळत आली असेल, कारण बाहेर टीव्ही आणि तू स्वयंपाकघरात त्याच आवाजात. ती उलटी फिरवायची. त्यांना असं सांगून बघ, तुझ्या शब्दांत, पण साधारण असं: "आई, दिवसभर काउंटरला बोलून माझं डोकं भरतंय हो. आल्यावर आपण चहा घेऊया, तुमचं सगळं ऐकते, पण तुमची सिरियल लागली की अर्धा तास मी आत पडते. रागावून नाही बरं का. साडेसातला भाकऱ्या टाकायला येतेच." आणि मग साडेसातला खरंच यायचं. पावणेआठ नाही. पहिले पंधरा दिवस तरी मिनिटभर इकडंतिकडं होऊ देऊ नकोस, कारण त्या घड्याळ बघणार आहेत, त्यांचा विश्वास त्यावरच बसणार आहे. मी इंट्रोव्हर्ट आहे असं मात्र म्हणू नकोस त्यांना. त्यांना त्यातून इतकंच ऐकू येईल की आमच्याशी न बोलण्याला हिनं इंग्रजी नाव शोधून आणलंय. डोकं भरतं, हे त्यांना कळतं, त्यांचंही कधीतरी भरलंच असेल की, मोठ्या घरात नांदलेल्या बायका आहेत त्या.

त्या अर्ध्या तासात काय करावं हे मी ठरवणार नाही. जर्मनीतल्या सबिने सोनेनटाग यांनी कामानंतर माणूस भरून कसा येतो यावर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि २००७ मधे शार्लोट फ्रिट्झ यांच्यासोबत त्यांनी चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनानं सुटणं, शरीर-मन सैल होणं, नवीन काही शिकण्याचा-जमण्याचा आनंद, आणि आपला मोकळा वेळ आपल्या हातात असणं. ही चौथी तुझ्याकडं आज शून्य आहे. म्हणून मेणबत्ती लाव नाहीतर नुसती भिंतीकडं बघ, तू ठरवलंयस हे त्यातलं औषध आहे. तरी विचारतेस म्हणून दोन गोष्टी सांगते. दिवा बारीक ठेव, ट्यूबलाईट नको. आणि पडल्या पडल्या चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात, सोडणं लांबवलं की शरीराला थांबायची खूण मिळते. यात अध्यात्म वगैरे काही नाही, दवाखान्यात काम करतेस, एकदा पल्स ऑक्सिमीटर लावून स्वतःच बघ हवं तर. त्यातली तिसरी गोष्ट पण विसरू नकोस हां, नुसतं पडून राहून दर दिवशी बरं वाटत नाही, कधी कधी हाताला काहीतरी हवं. क्रोशा, रांगोळीची वही, शब्दकोडं, जे माहेरी करत होतीस ते.

भाकऱ्या करताना पण गप्प राहायला हरकत नाही, एकटीनं केलेला स्वयंपाक तुझ्यासारख्या बाईला कधी कधी विश्रांतीच असतो, पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, डोकं लागत नाही. पण रोज नाही. रोज एकटीनं केला तर ती दुसरी ड्युटीच. आठवड्यातून दोन दिवस मिस्टरांनी भात-आमटी लावावी, खिचडी करावी, तू त्या वेळी बाहेर मुलीजवळ बस. आणि मुलीजवळ बसायचं म्हणजे बोलायलाच पाहिजे असं नाही! ती चित्र रंगवते, तू शेजारी बसून तुझं काहीतरी कर. लहान मुलांना आई जवळ असली की पुरतं, तीही कदाचित तुझ्यासारखीच असेल, शाळेत चाळीस पोरांच्यात बसून ती पण भरलेलीच येते की. झोपताना तिच्या पायाला तेल लाव, पाच मिनिटं, न बोलता. साडेआठ-नऊची वेळ आता ओरडण्याऐवजी अशी जाईल.

तुझ्या झोपेसाठी एकच करायचं तर गरम पाणी कर. झोपायच्या तासदोन तास आधी गरम पाण्यानं अंघोळ केली, अगदी दहा मिनिटं, तर झोप लवकर लागते असं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलंय. पाणी साधारण ४० ते ४२ डिग्री, म्हणजे चांगलं कढत पण सोसेल असं. कातडीकडं रक्त येतं, अंगातली उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि ते उतरणं म्हणजेच शरीराला झोपेची तयारी. पावसाळ्यात-थंडीत आपल्याकडं गरम पाणी तसंही लागतंच. जेवणं साडेआठला झाली तर नऊ-सव्वानऊला अंघोळ कर, मुलगी झोपल्यावर. रोज अंघोळ जमत नसेल तर पाय बुडवून बस बादलीत.

रविवारचं तू लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे, खासबागला रविवारी बाजार असतो, घराबाहेर गर्दी आणि घरात पाहुणे, आठवड्याची सुट्टी अशी जाते. आणि शिवाय लग्नं, बारशी, हळदीकुंकू. सगळीकडं जायलाच पाहिजे असं नाही, महिन्याला दोन मोठे कार्यक्रम आणि तिथंही दीड तास, नंतरचा दिवस मोकळा. सासूबाईंना पुढं पाठव, त्यांना आवडतं आणि घराचं कुणीतरी गेलं असंही होतं. त्यांच्यासाठी आणखी एक सुचवते, जवळपास एखादं भजनी मंडळ असेलच, दुपारच्या हरिपाठाला त्या जायला लागल्या तर त्यांचं बोलणं तिथं निम्मं होईल आणि संध्याकाळी त्या तुझ्याकडं रिकाम्या येणार नाहीत. पहिल्या दिवशी तू स्वतः नेऊन सोड त्यांना. तुझी सुटका व्हावी म्हणून नको करू, त्यांना स्वतःच्या मैत्रिणी असायला हव्यात म्हणून कर.

आता एक काळजीचं. तू रडतेस असं लिहिलंस. दमल्यामुळं येणारं रडू विश्रांती मिळाली की जातं, पण दोन आठवडे असं कर आणि तरीही दिवसभर उदास, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, सुट्टीच्या दिवशी एकटी असूनसुद्धा बरं वाटत नाही असं असेल तर ते अंतर्मुख स्वभावाचं नाही, डॉक्टरला दाखव. त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, आपल्या बायकांच्यात ही दोन्ही कमी-जास्त असणं फार कॉमन आहे आणि थकवा तिथूनही येतो, दवाखान्यातच असतेस तर उद्या जेवणाच्या सुट्टीत रक्त दे. बोलायला कुणी हवं वाटलं तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन लाईन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं.

सुरुवात सोमवारी करू नकोस, सोमवारी काउंटरला गर्दी जास्त असणार. मंगळवारपासून कर. पहिले काही दिवस सासूबाई दार ठोठावतील, मुलगी चारदा आत येईल, मिस्टर विसरून तुला हाक मारतील. तेव्हा चिडू नकोस, साडेसातला येते एवढंच म्हण आणि परत पड. पंधरा दिवसांनी मला लिही, आणि सासूबाई काय म्हणाल्या ते नक्की लिही.